लाल गाडीचं मिसिंग

ती लाल गाडी पहिल्यांदा आमच्या गॅरेजला आली तेव्हा उद्यमनगरातली निम्मी माणसं हातातली कामं टाकून रस्त्यावर उभी राहिली. दोन दारांची, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी स्पोर्ट्स कार. आमचं गॅरेज रस्त्यापेक्षा उंच आहे, गेटात चांगला चढ आहे. खालून घासू नये म्हणून मी फळ्या टाकल्या आणि स्वतः स्टिअरिंगला बसून गाडी आत घेतली. मुद्दाम हळू घेतली. चार लोक बघत असले की मला बरं वाटतं. ही माझी खोड आधीच सांगून ठेवतो, पुढं तिचंच काम आहे.

गाडीचा मालक पस्तिशीचा असेल. शिरोली एमआयडीसीत त्याची फौंड्री. गाडी वापरलेलीच, पुण्याहून हौसेनं आणलेली. माणूस मऊ. फौंड्रीवाल्याला इतका हळू आवाज शोभत नाही.

"चाचा, मिसिंग मारतीया," तो म्हणाला. "पन्हाळ्याच्या घाटात लाज काढली. मागनं दुधाचा टेम्पो आला आणि ड्रायव्हर म्हणतोय, पावणं, धक्का देऊ का?"

बाकीचे हसले, मीही हसलो. मिसिंग म्हणजे इंजिनातल्या एखाद्या सिलेंडरला ठिणगी नीट मिळत नाही, तिथलं पेट्रोल पेटत नाही, आणि बाकीचे सिलेंडर त्याला ओढत नेतात. सपाटीला कळतही नाही. चढ लागला की गाडी हिसके द्यायला लागते. असली दुखणी काढण्यात माझी हयात गेली. लांब स्क्रूड्रायव्हरचं एक टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावली की मला आतलं ऐकू येतं, असं लोक म्हणतात. मीही ते म्हणू देतो.

स्कॅनर लावला, त्यानं पहिल्या सिलेंडरकडं बोट दाखवलं. प्लग झिजलेले होते, त्यावरची ठिणगीला वीज पुरवणारी कॉइल कमजोर झाली होती. दोन्ही बदलली, गाडी बायपासला पळवून आणली. पाणी प्यावं तशी पळाली.

मग अब्बांची वेळ झाली.

हे गॅरेज माझ्या वडिलांनी काढलं. आख्खं उद्यमनगर त्यांना अब्बाच म्हणतं. हात थरथरायला लागले तेव्हा त्यांनी पाना खाली ठेवला, पण गॅरेज सोडलं नाही. गेटाजवळ त्यांची खुर्ची असते. त्यांच्याकडं एकच काम उरलं होतं. दुरुस्त झालेली गाडी बाहेर जाताना तिला नारळ फोडायचा.

ही आमच्या गॅरेजची रीत. अब्बांच्या तरुणपणी कुणा ट्रकवाल्यानं, "मिस्त्री, तुमच्याच हातानं फोडा," म्हणून हट्ट धरला, तेव्हापासून सुरू झाली. गाडी वळवून तोंड रस्त्याकडं करायचं, पुढची चाकं उतारावर, बॉनेट उघडं. अब्बा मनात बिस्मिल्ला म्हणतात, नारळ दगडावर फोडतात आणि त्याचं पाणी इंजिनावर शिंपडतात. हिंदू गिऱ्हाईक हात जोडतं, मुसलमान गिऱ्हाईकही जागचं हलत नाही. गिऱ्हाईकाचा देव आणि आपला हात, असं अब्बा म्हणायचे. नवीन गाड्यांच्या इंजिनावर प्लास्टिकचं झाकण असतं. ते अब्बांना चालायचं नाही.

"प्लास्टिकला कसला आलाय मान? लोखंडाला पाणी लागलं पाहिजे. काढ ते."

मग मी झाकण काढायचो.

अब्बांचा आणखी एक शब्द होता. गाडी त्याच दुखण्यासाठी परत आली तर गेटाला कुलूप लाव आणि भाजी विकायला बस. त्यांच्या काळात असं झालं नाही, असं ते सांगायचे. त्याच नावावर मी खात होतो.

लाल गाडी परत आली.

मालक बिचारा ओशाळून उभा. "चाचा, चार दिवस छान चालली. मग घाटात परत तेच." स्कॅनरनं पुन्हा पहिला सिलेंडरच दाखवला. नवी कॉइल गेली होती. मला वाटलं पार्ट बोगस. मी ती कॉइल घेऊन दुकानात गेलो आणि दुकानदाराला गिऱ्हाइकांसमोर नको ते बोललो. माझा आवाज इंजिनांशी स्पर्धा करून मोठा झालाय. रस्त्यापलीकडच्या चहावाल्यालाही ऐकू गेलं असणार. दुकानदारानं गुमान दुसरी कॉइल दिली. ती बसवली, गाडी पळाली, अब्बांनी नारळ फोडला.

गाडी परत आली.

या खेपेला मी पेट्रोलला दोष दिला. टाकी रिकामी केली, इंजेक्टर धुतले, कॉम्प्रेशन तपासलं. कुठंही खोट नाही. हे सगळं करायचं म्हणजे इंजिनाचा वरचा भाग उकलून हवेनं साफ करून परत लावणं आलंच. त्यामुळं माझ्या हातात असेपर्यंत गाडी दरवेळी सुतासारखी सरळ व्हायची. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. आलं नाही.

अब्बांना मात्र कारण सापडलं होतं. "दृष्ट लागलीया गाडीला. लाल रंग, आख्खं गाव बघतंय." पहिल्या खेपेला त्यांनी बोटांनी चार थेंब शिंपडले होते. दुसऱ्या खेपेला करवंटीच इंजिनावर धरली. तिसऱ्या खेपेला पाण्यानं भरलेला नारळ बाजारातून निवडून आणला आणि सगळाच्या सगळा ओतला, शेवटचा थेंब झटकून. हात थरथरत होते, पण पाणी वाया जाऊ नये म्हणून ते इंजिनावर पार ओणवे झाले होते.

झाकण मीच काढलं होतं. मी शेजारीच उभा होतो. पण मालक मोबाईलवर ते सगळं टिपत होता, आणि मी कॅमेऱ्याकडं बघत होतो.

त्यानंतर मालक आला तो नुसता बोलायला. म्हणाला, "चाचा, एक विचारू का? एसी लावला की गाडीत खोबरं भाजल्याचा वास येतोय. घरी मसाला करताना येतोय न्हवं, तसा."

गॅरेजमध्ये तेव्हा चार गिऱ्हाइकं बसली होती. मी म्हटलं, "मालक, जरा जेवून गाडी चालवत जावा की. भुकेल्या माणसाला इंजिनातबी रस्सा दिसतोय."

सगळे हसले. तोही हसला, कानाच्या पाळ्या लाल झाल्या त्याच्या. कुणीतरी टाळी दिली ती मी घेतली.

मग एके दिवशी गाडी टोइंगवर आली. मालक बायकोला घेऊन पेठ वडगावला सासुरवाडीला निघाला होता. गावाच्या तोंडाशीच गाडी हिसके देत देत बंद पडली आणि सासऱ्यानं ट्रॅक्टर पाठवून जावयाला दारापर्यंत ओढून नेलं. हे मला टोइंगवाल्यानं सांगितलं. मालकानं किल्ली टेबलावर ठेवली.

"तुम्हीच सांगा चाचा. विकू का?"

त्यानं शिवी दिली असती तरी चाललं असतं. ते तसं विचारणं मला झोंबलं. डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, "मला न सांगता दुसरीकडं दाखवलीया तुम्ही. कुणीतरी हात घातलाय हिच्यात."

"न्हाय हो चाचा," तो म्हणाला. "तुम्ही आणि अब्बा सोडून इंजिनाला कुणाचा हात लागलेला न्हाय."

तो रिक्षा करून गेला. अब्बा गेटाजवळ बसून ऐकत होते. त्या संध्याकाळी त्यांनी मला नेहमीसारखं विचारलं नाही, आज कुठल्या गाड्या गेल्या म्हणून. घरी जेवायला बसलो. त्यांचा तो कुलपाचा शब्द आमच्या दोघांच्या मध्ये ताटासारखा मांडलेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर जाऊन मी एकट्यानंच बॉनेट उघडलं. या गाडीचं दुखणं आज सापडलं नाही तर गिऱ्हाईक तर जाणारच होतं, पण अब्बांना मी काय तोंड दाखवणार होतो? झाकण काढलं. इंजिनावर मुंग्या होत्या.

लाल, बारीक मुंग्यांची रांग. चाकाकडून वर आलेली, इंजिनाच्या मधोमध कॉइल बसवायचा जो खोलगट भाग असतो त्यात उतरणारी, आणि पुढं पुढं जात पहिल्या कॉइलच्या रबराखाली नाहीशी होणारी. मिस्त्री म्हणून मी आजवर इंजिनात उंदीर बघितलेत, एकदा साप बघितलाय. पण ऑइलपेट्रोलला मुंगी येत नाही.

कॉइल ओढून काढली. तिच्या नळीवर तपकिरी, चिकट थर जमला होता आणि त्यावरून ठिणगी भलतीकडं पळून गेल्याची काळी रेघ होती. नाकाशी धरली. आमच्या घरात वर्षाचा मसाला करताना असाच वास भरून राहतो. बोटानं थोडं खरवडून जिभेवर ठेवलं. जळकं, थोडं गोड, थोडं खारट.

मी मान वर केली. अब्बा येऊन खुर्चीवर बसले होते आणि या गाडीसाठी आणलेला नारळ सोलत होते. शेंड्या एकेक ओढून खाली टाकत होते.

सगळं एका क्षणात जुळलं. उतारावर उभी केलेली गाडी. ओतलेलं पाणी वाहून पुढं येणार, ते पुढच्या पहिल्या सिलेंडरच्या खड्ड्यात साचणार. इंजिन तापलं की पाणी आटणार, साखर आणि मीठ तिथंच राहणार. मग घाट लागला, जोर पडला, की ठिणगी त्या थरावरून पळणार. आणि जितक्या वेळा गाडी परत आली, तितकं अब्बांनी पाणी वाढवलं. जुन्या गाड्यांच्या उघड्या, दणकट इंजिनांना चार थेंबांनी काही व्हायचं नाही. ही गाडी तशी नव्हती. हे ओळखायचं काम अब्बांचं नव्हतं, माझं होतं. झाकण काढून इंजिन पाण्याखाली मीच धरत होतो.

पहिल्यांदा काय वाटलं ते लिहायलाही लाज वाटते. मला हायसं वाटलं. दोष सापडला, आणि तो माझ्या हाताचा नव्हता.

मी सगळं धुऊन, वाळवून, नवी कॉइल बसवली. अब्बांना काही सांगितलं नाही. मनाशी ठरवलं की घरी निवांत सांगू, सांगताना गाडीला दोष देऊ. आज फक्त नारळ टाळू.

दुपारी मालक आला. मी गाडी वळवून उतारावर उभी केली आणि बॉनेट बंदच ठेवलं. अब्बा नारळ घेऊन उठले.

"बॉनेट उघड."

"आज ऱ्हाऊ दे अब्बा. मालकांना उशीर होतोय."

"उशीर कसला, चाचा," मालक म्हणाला. "अब्बांच्या हातनं झाल्याशिवाय मी जात न्हाय." तो हे मनापासून म्हणत होता. ट्रॅक्टरनं ओढला गेलेला माणूस.

अब्बा माझ्याकडं बघायचे थांबले. स्वतःच दार उघडून वाकले, खालची कळ ओढली आणि बॉनेट वर केलं. झाकण मी अजून लावलेलं नव्हतं. मी एवढा शहाणा, आणि झाकण बाकावरच ठेवलेलं. नारळ दगडावर आपटला, तडा गेला, पाणी ठिबकायला लागलं आणि अब्बांचे थरथरते हात इंजिनावर आले. मी त्यांचं मनगट धरलं. जोरात धरलं. नारळ उकलला आणि पाणी त्यांच्या पांढऱ्या बाहीवर सांडलं.

"अब्बा, ह्या पाण्यानंच गाडी बंद पडतीया. तुम्ही ओतताय म्हणून. इतके दिवस तुमच्यापायी माझं नाक कापलं जातंय गावात."

माझा आवाज कसा आहे ते मी वर सांगितलंच आहे. शेजारच्या लेथवाल्यानं मशीन बंद केलं. चहावाला कपबशा धरून तसाच उभा राहिला. त्या दिवशीही चार लोक बघत होते.

अब्बांनी इंजिनाकडं बघितलं, मग हातातल्या दोन वाट्यांकडं. त्या त्यांनी एकमेकीवर ठेवून बघितल्या, परत बसतात का म्हणून. मग मालकाच्या हातात दिल्या.

"घरी न्या. खोबरं चांगलं हाय."

"अब्बा, काय व्हत न्हाय," मालक म्हणाला. "गाडीच हाय की शेवटी." माझ्याकडं त्यानं एकदाच बघितलं. बायकोच्या माहेरात ट्रॅक्टरमागं बसून जाताना त्याला जे वाटलं असेल ते मला त्या वेळी समजलं.

संध्याकाळी मी अब्बांना स्कूटरवर मागं बसवून घरी निघालो. त्यांची बाही वाळून कडक झाली होती. दसरा चौकात सिग्नलला थांबलो तेव्हा त्यांनी विचारलं, "आधीच्या किती?"

"कुठल्या?"

"परत आलेल्या गाड्या. पाना सोडून मी नारळाला बसलो तेव्हापासनं."

सिग्नल सुटला. मला एक मास्तरांची पांढरी गाडी आठवली. घेऊन गेल्यावर आठवड्यात मिसिंग मारायला लागली म्हणून आली होती, आणि मी त्यांना नीट चालवत नाही म्हणून ऐकवलं होतं. आणखीही एकदोन आठवल्या. अब्बांच्या काळातली जी एकही गाडी परत आली नाही, तिची ही यादी मी मनात करत होतो.

"एकबी न्हाय अब्बा. हीच एक."

"बरं," ते म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "गाडी लईच हळू चालवायलायस."

दुसऱ्या दिवसापासून ते गॅरेजला आले नाहीत. गुडघा दुखतो म्हणाले. मी फार आग्रह केला नाही. लाल गाडी परत आली नाही. मालकाचा पन्हाळ्याहून फोन आला, घाट एका दमात चढली म्हणून. माझं नाव राहिलं. गिऱ्हाइकं विचारायची, अब्बा न्हाईत व्हय? मी म्हणायचो, तब्येत बरी न्हाय. लेथवाला येताजाता विचारायचा, "काय चाचा, नारळ चालू का बंद?" त्याच्यावर मी खेकसायचो. खुर्ची गेटातच होती. ती आत ठेवायला मला हात लावावासा वाटेना, आणि तिच्याकडं बघवेना. त्या कॉइलच्या दुकानदाराकडं मी जाऊन आलो, चूक झाली म्हणालो, तो हसून चहा पाजून मोकळा झाला. अब्बांशी मात्र ते वाक्य मला बोलता येईना. घरात, जेवताना, चप्पल घालताना, रोज ओठावर यायचं आणि मी मीठ द्या म्हणायचो.

एका रविवारी मालक आमच्या गल्लीच्या तोंडाशी गाडी लावून घरी आला. गाडी आत येत नाही, गल्ली अरुंद. हातात नारळ.

"अब्बा, त्या दिवशीचं काम अर्धं ऱ्हायलंय. तेवढं करून द्या."

अब्बा लुंगी-बनियनवर बसले होते. नको म्हणाले, हात धड न्हाय म्हणाले. मालक नारळ पुढं धरून उभाच राहिला. शेवटी अब्बांनी शर्ट चढवला आणि आमच्या दोघांच्या मधून चालत गल्लीच्या तोंडापर्यंत आले. गुडघा दुखत नव्हता.

गाडीजवळ आल्यावर ते आधी बॉनेटकडं गेले. बंद आहे का बघितलं. तळव्यानं दाबून बघितलं. मग या कडेनं, मग त्या कडेनं. ज्या माणसानं जन्मभर चालू इंजिनात कोपरापर्यंत हात घातले, तो बंद बॉनेटला असा चाचपत होता. मग गाडीपासून मागं सरत सरत पार गटाराच्या कडेला गेले.

मी म्हटलं, "अब्बा, इतक्या लांब नको. बंद हाय ते. काय व्हत न्हाय."

"तू मधे उभा ऱ्हा," ते म्हणाले.

मी गाडीच्या आणि त्यांच्या मध्ये उभा राहिलो. त्यांनी नारळ गटाराच्या कठड्यावर आपटला. पहिल्या घावाला फुटला नाही, दुसऱ्याला फुटला, आणि पाणी उडून माझ्या पँटवर, पायावर, चपलेत गेलं. मालकानं हात जोडले.

अब्बा वाट्या हातात धरून माझ्या खांद्यावरून गाडीकडं बघायला लागले.

"उडालं का तिच्यावर?"

"न्हाय अब्बा."

"नीट बघ की," ते म्हणाले.

मी वळलो, वाकलो आणि बॉनेटवरून हात फिरवून बघितलं. कोरडं होतं. तरी मी शर्टाच्या टोकानं ते पुसून काढलं, ते बघत होते म्हणून.